सोसाट्याचा आकडा : घरच्या घरी वाऱ्याचा कमाल वेग टिपायचा तर

एप्रिल-मे महिन्यांत परभणी जिल्ह्याच्या हवामान अंदाजात एक वाक्य ठरलेलं असतं : तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाचे वारे. मग एखाद्या दुपारी खरंच आभाळ भरून येतं, धुळीचा लोट उठतो, गोदाकाठची एखादी केळीची बाग आडवी होते, कुणाच्या आखाड्यावरचे पत्रे शेजारच्या रानात जाऊन पडतात. दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला येतो. पडलेली झाडं मोजली जातात, उडालेले पत्रे मोजले जातात. वारा मात्र ‘सोसाट्याचा’ एवढ्यावरच राहतो. वादळाआधी सगळ्यांना ऐकू आलेला आकडा वादळानंतर गावात कुणाकडेच नसतो.

हा आकडा आपल्या घरी टिपता येईल का? येतो. वायुवेगमापक, म्हणजे अ‍ॅनिमोमीटर, आता ऑनलाइन दुकानांत हजार-पंधराशे रुपयांपासून मिळतो आणि चांगल्या दुचाकीच्या किमतीपर्यंत जातो. पण ‘वाऱ्याचा वेग मोजणारं’ यंत्र आणि ‘सर्वांत मोठा झोत टिपणारं’ यंत्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि खोक्यावर तसं कुठेही लिहिलेलं नसतं.

आधी जिल्ह्यात आज काय मोजलं जातं ते पाहू. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ सालचं. आता त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. कृषी हवामान वेधशाळांमध्ये वारा मोजायची जुनी पद्धत अशी की तीन मीटर उंचीच्या खांबावर फिरणाऱ्या वाट्या असतात आणि त्यांच्याखाली गाडीच्या मीटरसारखा आकडे पुढे सरकवणारा गणक. निरीक्षक सकाळी ७ वाजता आणि दुपारी २ वाजता येऊन आकडा वाचतो. कालच्या आणि आजच्या आकड्यातला फरक म्हणजे तेवढ्या वेळात वारा किती किलोमीटर ‘चालला’. त्याला तासांनी भागलं की सरासरी वेग. पिकाला पाणी किती लागेल, बाष्पीभवन किती झालं, याला ही सरासरी उत्तम. पण समजा दिवसभरात गणक १४४ किलोमीटर पुढे सरकला, तर नोंद होते ताशी ६ किलोमीटर. त्याच दिवशी संध्याकाळी पाच मिनिटं ताशी ७० चा वारा सुटून गेला असेल, तरी गणकात त्याची भर जेमतेम सहा किलोमीटरची. बाग झोपलेली आणि वहीत ६, यात खोटं कुणीच बोलत नाही.

गेल्या दशकात राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. त्यांच्यामुळे चित्र बरंच बदललं. फळपीक विम्यात केळीसाठी वेगाच्या वाऱ्याचा निकष आहे आणि तिथे संदर्भ केंद्राची नोंदच चालते. अडचण जागेची आहे. एका मंडळात कितीतरी गावं येतात, आणि वळवाच्या वादळाचा पट्टा कधीकधी दोन-चार किलोमीटरच रुंद असतो. हिवाळ्यात परभणी शहराचं आणि विद्यापीठाचं किमान तापमान वर्तमानपत्रात शेजारी-शेजारी वेगवेगळं छापून येतं, हे आपण पाहतोच. तापमान त्यामानाने संथ वस्तू आहे. वारा एका शिवेवरून दुसऱ्या शिवेवर जाताना पार बदलतो.

इथे ‘झोत’ म्हणजे नेमकं काय, हे ठरवून घ्यावं लागतं. जागतिक हवामान संघटनेच्या शिस्तीप्रमाणे सरासरी वारा म्हणजे दहा मिनिटांची सरासरी, आणि झोत म्हणजे लागोपाठच्या तीन सेकंदांच्या सरासरीतली सर्वांत मोठी. मोजायचं उघड्या माळावर, जमिनीपासून दहा मीटरवर, सेकंदाला चार नमुने घेऊन. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. त्याच वाऱ्याचा एका सेकंदाचा झोत धरला तर आकडा काही टक्क्यांनी वाढतो, आणि एका मिनिटाची सरासरी घेतली तर चांगलाच उतरतो. म्हणून ‘माझ्याकडे ७८ गेलं, तुझ्याकडे ६५ च’ हे भांडण पुष्कळदा वाऱ्याचं नसतं, घड्याळाचं असतं.

तीन सेकंदच का, तर साधारण घराएवढ्या, पत्र्याच्या शेडएवढ्या वस्तूला पूर्ण वेढून दाब द्यायला झोताला तेवढा वेळ पुरतो. आपल्याकडे इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, हाच तीन सेकंदांचा झोत पायाभूत धरतं : दहा मीटर उंची, मोकळी जमीन, पन्नास वर्षांतून एकदा येण्याजोगा. त्यात औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सेकंदाला ३९ मीटर दिले आहेत आणि नागपूरला ४४. ताशी हिशेबात १४० आणि १५८ किलोमीटर. परभणी या दोन गावांच्या मधली. म्हणजे घरी यंत्र घेताना त्याची धाव ताशी १६० पर्यंत असावी, हा पहिला निकष आपोआप हाती येतो.

या आकड्यांना किती किंमत असते ते १३ मे २०२४ ला घाटकोपरला दिसलं. धुळीच्या वादळात १२० फूट बाय १२० फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं गेली. ही दैवी आपत्ती होती असा बचाव झाला. तपासात तज्ज्ञांचा अहवाल आला तो असा की त्या दिवशी वारा ताशी ८७ होता, होर्डिंग ४९ लाच टिकणारं होतं आणि मुंबईत ते १५८ ला टिकायला हवं होतं. मुंबईत निदान ८७ हा आकडा होता. पालम किंवा जिंतूरच्या एखाद्या गावात असं काही घडलं तर दैव आणि निष्काळजीपणा यांच्यामध्ये उभं करायला असा आकडा नाही.

आणि झोतच हवा, सरासरी नको, याचं कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. मानकातलं सूत्र सोपं आहे : वेग मीटर प्रतिसेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. ताशी ५० ला चौरस मीटरवर सुमारे १२ किलोचा भार येतो, ताशी १०० ला ४७ किलोचा. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्रा सव्वातीन चौरस मीटरचा भरतो. ५० च्या वाऱ्यात त्यावर ४० किलोंच्या आतबाहेर ओढ, १०० च्या वाऱ्यात दीडशे किलो, आणि छपराच्या कडेला याहून जास्त. पत्र्यावर ठेवलेले चार दगड पहिल्या वाऱ्यात निभावतात, दुसऱ्यात तेच दगड शेजाऱ्याच्या अंगणात जातात.

मराठवाड्यात हे झोत येतात कुठून, तेही यंत्र निवडताना माहीत हवं. कोकणात चक्रीवादळाचा वारा तासन्‌तास वाहतो. आपल्याकडे मोठा झोत येतो तो वळवाच्या ढगातून. उन्हाळ्यात जमिनीलगतची हवा कोरडी आणि तापलेली, ढगाचा तळ उंचावर. पाऊस खाली पडताना वाटेतच बराचसा सुकतो, त्या बाष्पीभवनाने हवा गार आणि जड होते आणि धाडकन खाली येऊन चहूकडे पसरते. पाऊस पोचायच्या आधी धूळ येते ती त्यामुळेच. सगळा खेळ पंधरा-वीस मिनिटांचा, आणि त्यातला खरा तडाखा मिनिट-दोन मिनिटांचा. यंत्राला वर्षभरात अशी पाच-दहा मिनिटं पकडायची असतात, आणि नेमकी तीच मिनिटं धूळ, गारा, वीज आणि लाईट जाण्याची असतात.

आता यंत्रांकडे. हातात धरायचा, छोट्या पंख्याचा मापक सगळ्यांत स्वस्त. बाजारात सर्वाधिक दिसणाऱ्या मॉडेलांची धाव सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८. ‘मॅक्स’चं बटण असतं, पण तो कमाल आकडा यंत्र चालू असताना आणि तोंड वाऱ्याकडे असतानाच खरा. वादळात शेतात उभं राहून तो धरायचा नसतो. फवारणी करावी की नाही हे ठरवायला, शेडनेटमधली हवा बघायला तो घ्या. कमाल झोतासाठी तो यादीतून बाद.

दुसरा वर्ग वाट्यांचा, आणि माझं मत शेवटी याच्याच बाजूने पडतं. वाट्यांचा मापक १८४६ साली आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेच्या रॉबिन्सन यांनी प्रसिद्धीला आणला. त्यांची समजूत होती की वाट्या कितीही लहानमोठ्या असोत, त्या वाऱ्याच्या एकतृतीयांश वेगाने फिरतात. ती चुकीची ठरली. प्रत्येक घडणीचा गुणक वेगळा. चाराऐवजी तीन वाट्या बऱ्या, हे कॅनडाच्या पॅटरसन यांनी १९२६ मध्ये दाखवलं आणि आजचं जवळपास प्रत्येक यंत्र तीन वाट्यांचं आहे. वाट्या वाऱ्याची दिशा पाहत नाहीत, कुठूनही आला तरी फिरतात. त्यांचा एक जुना दोष आहे : वारा वाढला की त्या चटकन वेग घेतात, ओसरला की सावकाश उतरतात, त्यामुळे सरासरी किंचित फुगते. हलक्या, लहान वाट्यांत हा दोष कमी. दणकटपणाबद्दल मात्र शंका नको. १० एप्रिल १९९६ ला ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर नोंदला गेलेला ताशी ४०८ किलोमीटरचा झोत, टॉर्नेडो सोडले तर जगातला विक्रम, वाट्यांच्याच यंत्रावर टिपलेला आहे.

घरगुती वाट्यांमध्ये दोन टोकं दिसतात. एकीकडे डेव्हिसची व्हँटेज व्ह्यू आणि व्हँटेज प्रो-२ ही केंद्रं : धाव सेकंदाला ८९ मीटरपर्यंत, अचूकता पाच टक्क्यांच्या आसपास, वाऱ्याचा आकडा दर अडीच सेकंदांनी घरातल्या पडद्यावर. तीन सेकंदांच्या व्याख्येशी हे बऱ्यापैकी जुळतं. किंमत मात्र वर म्हटली तशी, दुचाकीची. दुसरीकडे इकोविट आणि त्याच घराण्यातली, वेगवेगळ्या नावांनी विकली जाणारी चिनी केंद्रं. त्यांचा वाट्यांचा संच दर सोळा सेकंदांनी संदेश पाठवतो. इथे घेणाऱ्याने एक प्रश्न विचारायलाच हवा : सोळा सेकंदांनी *पाठवतं* की सोळा सेकंदांनी *मोजतं*? मधल्या काळातला कमाल झोत लक्षात ठेवून पाठवत असेल तर चालेल. त्या क्षणाचाच आकडा पाठवत असेल, तर दोन संदेशांच्या मध्ये छप्पर उडून जाईल आणि नोंद राहील ३५. माहितीपुस्तिकेत हे नसेल तर विक्रेत्याला लिहून विचारावं. त्याला उत्तर देता आलं नाही तर दुसरा विक्रेता.

स्वतः जोडणारी मुलंही आता गावोगाव आहेत. सुटा वाट्यांचा संच घेऊन तो ईएसपी-३२ या छोट्या संगणक-चिपला जोडायचा, हे पॉलिटेक्निकच्या पोरांना दोन दिवसांचं काम. यात झोताची व्याख्या आपल्या हातात राहते, हा मोठा फायदा. या संचांच्या बुडाशी चुंबक आणि काचेच्या नळीतला चिमुकला रीड स्विच असतो. एका सर्वपरिचित संचात स्विच सेकंदाला एकदा मिटला की ताशी २.४ किलोमीटर धरायचे. म्हणजे १०० च्या वाऱ्यात सेकंदाला ४२ वेळा. पण स्विचच्या पात्या मिटताना थरथरतात आणि एका मिटण्याचे दोन-तीन ठोके मोजले जातात. मग मेच्या निवांत दुपारी पडद्यावर अचानक २१० उमटतो आणि वर्षाचा विक्रम म्हणून तसाच राहतो. एका ठोक्यानंतर काही मिलिसेकंद पुढचा ठोका न मोजण्याची ओळ प्रोग्रॅममध्ये घातली की हे थांबतं. स्विच काढून चुंबकक्षेत्र ओळखणारा हॉल सेन्सर बसवला तर आणखी बरं.

तिसरा वर्ग ध्वनीलहरींचा. यात फिरणारं काहीच नाही. ऐकू न येणारा आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला किती वेळ घेतो, यावरून वारा कळतो. झिजायला बेअरिंग नाही, अतिमंद वाराही लागतो, दिसायलाही देखणं. इकोविटचं डब्ल्यूएस-८० पावणेपाच सेकंदांनी संदेश देतं, डब्ल्यूएस-९० जवळपास नऊ सेकंदांनी. दोघांची धाव सेकंदाला ४० मीटर, ताशी १४४. संभाजीनगरच्या मानकाच्या काठावर, नागपूरच्या आत. शिवाय जोराचा तिरपा पाऊस, गार, वर बसलेला पारवा, कोळ्याचं जाळं, यांपैकी काहीही आवाजाच्या वाटेत आलं की आकडा गळतो किंवा वेडावाकडा येतो. उद्योगांसाठीची याच तत्त्वाची यंत्रं ६० मीटरपर्यंत जातात आणि सेकंदाला चार नमुने देतात, पण ती घरगुती खरेदी नव्हे. वर्षभराच्या मंद वाऱ्याचा अभ्यास करायचा असेल त्याने ध्वनीलहरी घ्याव्यात. ज्याला वळवाचा एक झोत हवा आहे त्याने वाट्या घ्याव्यात आणि दर वर्षी मार्चमध्ये त्यातली धूळ काढावी.

बिनतारी केंद्र मागवताना लहरींची पट्टीही पाहून घ्या. अमेरिकी बाजाराचं मॉडेल ९१५ मेगाहर्ट्‌झवर बोलतं. आपल्याकडे परवान्याशिवाय ८६५ ते ८६८ ची पट्टी खुली आहे. परदेशातल्या नातेवाइकाने बॅगेतून आणलेलं यंत्र इथे वापरायला नियमात बसेलच असं नाही.

यंत्र निवडण्यापेक्षा ते लावणं अवघड. नियम सांगतो की अडथळ्याच्या उंचीच्या दहापट अंतर हवं. दहा मीटरचा कडुलिंब असेल तर शंभर मीटर दूर. परभणी शहरातल्या कुठल्याही कॉलनीत हे अशक्य. तिथे स्लॅबवरच लावावं लागतं, आणि स्लॅबवर कठडा असतो, पाण्याची काळी टाकी असते, जिन्याची खोली असते. कठड्यावरून चढणारा वारा काही ठिकाणी वेग घेतो, टाकीमागे भोवरा होऊन मरतो. त्यामुळे पाइप टाकीच्याही वर दोन-तीन मीटर न्यावा आणि नैऋत्य-पश्चिम बाजू मोकळी ठेवावी. आकडा ‘माझ्या छतावरचा’ म्हणून लिहावा, गावाचा म्हणून नव्हे.

शेतातल्या आखाड्यावर जागा भरपूर, पण खाली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, आणि दीड-दोन फुटांवर रोवलेला खांब दोन वर्षांत कलतो. विजेचे खांब कसे झुकलेले असतात ते रस्त्याने जाताना दिसतंच. मुरूम लागेपर्यंत खड्डा न्यायचा, काँक्रीट तिथून वर आणायचं आणि तीन बाजूंनी ताण द्यायचे. दहा मीटरचा खांब झेपत नसेल तर सहा मीटरचा घ्या, पण नोंदीत उंची लिहा. खाली वारा कमी लागतो हे ठाऊक असलं की आकड्याची तुलना करता येते. उंचीच माहीत नसेल तर काहीच करता येत नाही.

सपाट रानात उभा केलेला लोखंडी खांब विजेला आमंत्रण असतो. त्याला स्वतंत्र अर्थिंग हवं, तो गोठ्यापासून दूर हवा, आणि खांबावरून घरात तार न आणणारं बिनतारी यंत्र इथे अधिक सुरक्षित. गडगडाट सुरू झाल्यावर खांबाजवळ जायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप त्यासाठीच मोबाइलवर असावं.

उरली लाईट. वारं सुटलं की लाईट जाते, त्याबरोबर वायफाय जातं, आणि इंटरनेटवर आकडे चढवणारी केंद्रं नेमकी त्या वीस मिनिटांपुरती मुकी होतात. आलेखात एक सरळ रेघ, त्यापुढे गार झालेली हवा. म्हणून स्वतःची आठवण असलेलं यंत्र हवं : मेमरी कार्डवर लिहिणारं, किंवा पडद्यातच सेल आणि नोंदवही असलेलं. डेव्हिसच्या जुन्या लॉगरमध्ये २,५६० नोंदी मावतात. पाच मिनिटांना एक धरली तर जवळपास नऊ दिवस. बाकी कशाला नाही तरी राउटर आणि ग्राहकयंत्राला छोटा बॅटरी बॅकअप जोडा. खर्च थोडा, फायदा सगळा.

बसवल्यावर खात्री करायची तर वारा नसलेल्या पहाटे, मोकळ्या सरळ रस्त्यावर यंत्र जीपच्या टपावर उंच काठीला बांधून ताशी ४० आणि ६० ने जा, मग तोंड फिरवून परत या. मोबाइलमधल्या जीपीएसचा वेग आणि यंत्राचा वेग, दोन्ही दिशांची सरासरी. पाच-सात टक्क्यांत जुळलं तर समाधान मानावं. वादळानंतर झाडांकडेही पाहावं : ब्यूफोर्टच्या कोष्टकात बारीक फांद्या मोडू लागतात ताशी ६२ पासून, कौलं उडायला लागतात ७५ पासून, झाडं मुळासकट येतात ती ८९ च्या पुढे. हे आकडे सरासरी वाऱ्याचे आहेत, झोत त्याहून वर असतो. गल्लीतलं एकही पान जागचं हललेलं नसेल आणि यंत्र ९५ म्हणत असेल तर स्विच तपासा.

विमा कंपनी घरचा आकडा मान्य करणार नाही. तिला मंडळाचं अधिसूचित केंद्रच चालतं. तरीही पंचनाम्याच्या वेळी अर्जात ‘संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटं, नैऋत्येकडून, छतावर आठ मीटरवर, ताशी ६८’ असं लिहिता आलं, तर मंडळाच्या केंद्राची नेमकी त्याच दहा मिनिटांची नोंद मागता येते. त्या वेळी ते केंद्र चालू होतं का, हेही विचारता येतं.